अळवाच्या वाफ्यातली माती

पाळण्याची कडी करकरली आणि खोलीतली शांतता मोडली. सगुणाने कान दिला. आत तिची सहा महिन्यांची लेक कूस बदलत असावी. रडली नाही. तिने पुन्हा समोर पाहिलं. मालूने मानही वर केली नव्हती. तिच्या बोटांखाली शाडूचा गणपती आकार घेत होता. सातवा. सात शनिवार, सात गणपती.

सगुणा रोह्याच्या एका संस्थेत कलोपचार करायची. मुलांना जे बोलता येत नाही ते रंगांतून, मातीतून बाहेर यावं, हे तिचं काम. तिथल्या एका मुलाने चार महिने नुसता काळा रंग फासला होता आणि पाचव्या महिन्यात तो दप्तर उचलून शाळेत गेला होता. पेणच्या राहत्या घरी मात्र ती एकट्या मालूला बघायची, कारण मालूच्या गावाहून, जोह्याहून, रोहा लांब पडतं.

आठ वर्षांची मालू आषाढापासून एक अक्षर बोललेली नव्हती. नागोठण्याजवळ पुराच्या पाण्यात तिचा बाप वाहून गेला, तेव्हा ती त्याच्याबरोबर होती. ती झाडाला अडकलेली सापडली त्याच संध्याकाळी. तो चौथ्या दिवशी.

"मॅडम, आज शेवटचं हां," मालूची आई गिरजा म्हणाली. "पोर बरी झाली. सोंड बघा कशी वळवलीय. आमच्या गणपतीच्या कारखान्यातल्या माणसांना जमत नाय अशी. दीर म्हणतात, तिथं जाऊन करते ते घरीच करंल."

"पण बोलत नाही ना ती."

"बोलंल. बापावर गेलीय. तो तरी कुठं बोलायचा?" गिरजा हसली, आणि ते हसू तिला लवकर आवरता आलं नाही.

मालूने उंदरासाठी माती काढायला पिशवीत डावा हात घातला. गिरजाने तो पटकन बाजूला सारला. "उजव्यानं घे गो. देवाची माती हाय."

सगुणाने मांडीवरची वही मिटली. ह्या पोरीच्या घरी मातीचा देवच होतो, आणि आपण तिला दर शनिवारी मातीच दिली. देवापुढे ती काय ओरडणार? वर वहीत सातही वेळा लिहून ठेवलं, 'प्रगती उत्तम.'

ती उठली, मागल्या दारी गेली आणि अळवाच्या वाफ्यातला ओला चिखल ताटलीत घेऊन आली.

"मालू, ही देवाची नाही. हिला डावा हात चालतो."

"चिखलाचं काय व्हायचंय मॅडम?" गिरजा म्हणाली.

"काही नाही झालं तरी चालेल."

मालूने आईकडे पाहिलं. गिरजाने तोंड खिडकीकडे वळवलं. "कर. म्हणतात तर."

डाव्या हाताला काहीच येत नव्हतं. गोळा फुटायचा, घसरायचा. मालूने दोन वेड्यावाकड्या वळ्या केल्या, एक जाड, एक बारीक. त्यांची टोकं चिकटवली, ओढली, परत चिकटवली. तिसऱ्या खेपेला बारकी वळी तुटली. मालूला धाप लागली. गिरजा उठायला गेली, सगुणाने तिला मनगट धरून बसवलं.

मालू तुटलेल्या तुकड्याकडे बघत राहिली. मग तिने सगुणाकडे पाहिलं. इतक्या महिन्यांनी निघालेला आवाज खरखरीत होता, मोठ्या बाईसारखा.

"हात बाबानं सोडला, का मी?"