अडतीस इंच

सुलक्षणा जळगावची. शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळा आखून द्यायचं तिचं काम. धुळ्याच्या एका मुलींच्या कॉलेजात तिने साठ मुलींची कोपरापर्यंतची उंची मोजली आणि रसायनशास्त्राचं टेबल बत्तीस इंचांचं ठरवलं. पण संस्थेचे अध्यक्ष रतिलालभाऊ सहा फुटी गृहस्थ. नमुन्याच्या टेबलाशी वाकून बघत ते म्हणाले, "हे तर बालवाडीचं वाटतंय. अडतीस करा." तिने दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा तिला कंटाळा आला, आणि आकडा खोडून तिने सही केली.

डिसेंबरात ती पहिलं प्रात्यक्षिक बघायला गेली. प्रयोगशाळेचा शिपाई चुडामण दारातच भेटला. "ताई, पोरी स्टूलवर चढतीस," तो हळूच म्हणाला. "मना जीव टांगणीले लागस."

आत कुणी हसत-बोलत नव्हतं. काही मुली स्टुलावर चढून, तर बाकीच्या टाचा उंचावून, हात डोक्याच्या वर नेऊन ब्युरेटच्या उभ्या काचनळीत कॉस्टिक सोड्याचं द्रावण ओतत होत्या. नळीचं तोंड खालच्यांपैकी एकीलाही दिसत नव्हतं. फरशीवर स्टुलांचे पाय करकरत होते.

"मॅडम, थांबवा हे," ती शिक्षिकेला म्हणाली.

"एवढी बॅच होऊ द्या."

खिडकीजवळ कुंदन नावाची पारोळ्याची मुलगी स्टुलावर चढली होती. सुलक्षणा तिच्याकडे धावली. दोन पावलं उरली होती तोच स्टूल कलंडलं, आणि हातातली सोड्याची बाटली कुंदनच्या चेहऱ्यावर रिकामी झाली.

सुलक्षणाने तिला नळाखाली धरलं. बराच वेळ पाणी वाहत होतं. कुंदन किंचाळायची थांबली, तेव्हा सुलक्षणाला जास्तच भीती वाटली.

संध्याकाळी कुंदनची आई वच्छलाबाई दवाखान्यात पोचली. लुगड्याला कापसाचे तंतू तसेच चिकटलेले. चुडामणकडून सगळं ऐकून घेतल्यावर तिने एकच विचारलं, "हाई असं टेबल कोनी करं?"

रतिलालभाऊंचं नाव सुलक्षणाच्या ओठांवर आलं होतं.

"मी," ती म्हणाली. "चुकीचं आहे हे ठाऊक असताना मी सही केली."

वच्छलाबाई वळून कुंदनच्या खोलीत गेली. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधलेली कुंदन पावलांच्या आवाजाने उठून बसली.

"माय," हवेत हात चाचपडत तिने विचारलं, "तू कोन्या बाजूले शे?"