तीस छापलेले, तेहतीस भरलेले

गुरुवार, २७ फेब्रुवारी २००३. दुपारचे चार वाजून वीस मिनिटं. शारजातल्या एका शाळेचं मैदान, अर्धं गवत आणि अर्धी वाळू. आंतरशालेय बेसबॉल स्पर्धेचा उपांत्य सामना, सहावा डाव. चेंडू टाकत होता डेरिक, वय सोळा. समोर मारायला दर्शन, त्याचंही वय सोळा. दर्शनने मारलेला चेंडू जमिनीला कुठेही न टेकता सरळ डेरिकच्या डाव्या डोळ्यावर गेला.

तो ज्या बॅटीने मारला, ती मी. हे ज्यांनी सांगायला हवं होतं ती माणसं गप्प बसली, म्हणून आता बॅटीला बोलावं लागतंय.

मी क्रिकेटच्या बॅटीसारखी चपटी नाही आणि लाकडाचीही नाही. ॲल्युमिनियमची नळी म्हणा. पावणेतीन फूट लांब, मुठीकडे बारीक, टोकाकडे जाड, आतून पोकळ. जाड टोकाला प्लॅस्टिकचं काळं बूच. अंगावर वजन छापलेलं आहे: तीस औंस. हा आकडा तेवढा लक्षात ठेवा.

२००१ च्या डिसेंबरात मी दुबईच्या एका दुकानातून शारजाच्या रोल्ला भागातल्या एका इमारतीत आले. पाचव्या मजल्यावर दर्शन राहायचा, तिसऱ्यावर डेरिक. दर्शनचे वडील रणजित मूळचे इचलकरंजीचे. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात त्यांचं मशीन वर्कशॉप होतं. डेरिकचे वडील सिरिल वसईचे, एका शिपिंग ऑफिसात कागदपत्रं तपासायचे. मुलांच्या शाळा वेगळ्या, पण दोन्ही अमेरिकन अभ्यासक्रमाच्या, त्यामुळे दोघांनाही बेसबॉलचं वेड.

माझं खोकं डेरिकनेच फोडलं. दर्शनला मुठीवर टेप नीट गुंडाळता येईना.

"गिव्ह इट, मॅन," डेरिक म्हणाला. "इज इट अ बॅट ऑर अ पेशंट?"

त्याने ती टेप एकसारखी, घट्ट गुंडाळली आणि शेवटी लाल टेपचा एक वेढा दिला. तो वेढा अजून माझ्या अंगावर आहे.

इमारतीमागे वाळूचं मोकळं पार्किंग होतं. तिथे संध्याकाळी एक टाकायचा, एक मारायचा. डेरिकची आई पामेला गॅलरीतून ओरडायची, "एक जरी काच फुटली ना, तर दोघांच्या हातात झाडू देईन!" ते माझे चांगले दिवस. मी तेव्हा खरी होते.

अडचण एकच होती. दर्शनला डेरिकचा चेंडू मारता येत नव्हता. २००२ च्या स्पर्धेत दोनदा समोरासमोर आले, दोन्ही वेळा दर्शन माझ्यासकट हवेत फिरला आणि बाद झाला. घरी जाताना गाडीत रणजित बोलत राहिले.

"सिरिलचा पोरगा तुला उभ्या उभ्या गुंडाळतो, आणि खाली लिफ्टमध्ये मला गुड ईव्हनिंग म्हणतो. काय तोंड दाखवू?"

"पपा, प्लीज. नॉट अगेन."

पुढे दर्शनच्या संघातल्या कुणीतरी त्याला एक युक्ती सांगितली. बॅटीचं जाड टोक आतून खरवडून पातळ करायचं. मग चेंडू आदळला की तो भाग किंचित आत दबतो आणि उसळून चेंडू दुप्पट जोराने फेकतो. बाहेरून काही दिसत नाही. स्पर्धेच्या नियमपुस्तकात याला साफ मनाई होती. दर्शनने ते पान वाचलेलं होतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर 'मुलाला काय कळतंय' असं बोललं गेलं.

रणजितना युक्ती ऐकून हसूच आलं. "म्हणजे आतून कोरायचं, बोअरिंगच की! आपल्याकडे रोजचं काम आहे."

"पपा, इट्स नॉट अलाउड."

"अलाउड काय त्यात? गाडीची सर्व्हिसिंग करतो ना आपण? तशी बॅटीची सर्व्हिसिंग."

त्या घरात माझ्या बाबतीत घडलेल्या गुन्ह्याला शेवटपर्यंत हाच शब्द राहिला. दर्शनने मला स्वतःच गाडीच्या डिकीत ठेवलं.

वर्कशॉपच्या लेथवर जगन्नाथ होता. कोल्हापूरकडचा टर्नर, एकोणीस वर्षांचा हात.

"मालक, ह्येनं पोरं खेळत्यात न्हवं? पातळ केलं तर फुटंल की."

"अर्धा मिलिमीटर काढायचाय. नाही फुटत."

"आणि चालतंय का खेळात हे?"

"जगन्नाथ, तू जॉब कर."

जगन्नाथने बूच काढलं. लेथच्या पकडीत, चकमध्ये धरताना मला ओरखडा उठू नये म्हणून त्याने पितळेची पट्टी गुंडाळली. आत हत्यार घातलं आणि माझ्याच अंगाचा चांदीसारखा किस खाली पडायला लागला. वाईट काम इतक्या निगुतीने केलेलं मी दुसरं पाहिलेलं नाही. काम झाल्यावर त्याने मला हातावर तोललं आणि मान हलवली.

"मालक, हलकी झाली. काट्यावर घावंल."

खरंच होतं. सामन्याआधी पंच प्रत्येक बॅट तोलतात. माझ्या लांबीच्या बॅटीचं वजन तीस औंसांच्या खाली चालत नाही. वर्कशॉपचा काटा लोखंडी शाफ्ट तोलणारा, त्याला ग्रॅम कळत नव्हते. म्हणून जगन्नाथ मला पोत्यात गुंडाळून रोल्लाच्या मागच्या गल्लीत घेऊन गेला. तिथे विजयकुमारचं गलाईचं दुकान होतं. विजयकुमार विट्याचा, सोनं वितळवून शुद्ध करून द्यायचा. त्याच्या काट्याला ग्रॅमचा दहावा भागही दिसायचा.

"काय जगूदादा, सोनं सोडून हे मुसळ कुणाचं?"

"ह्याला तीस औंस भरवायचंय. ग्रॅममदी किती?"

विजयकुमारने कॅल्क्युलेटरला हातसुद्धा लावला नाही. "नऊशे तेहतीस. औंस म्हंजे एकतीस पॉइंट एक. झोपंत इचार."

इथे दोघं चुकले. सोन्याच्या बाजारातला औंस एकतीस ग्रॅमचा असतो. बॅटीचा, बिस्किटाचा, चहाचा औंस अठ्ठावीसच्या थोडा वर. विजयकुमारने आयुष्यभर सोनंच तोललं होतं, दुसरा औंस त्याच्या दारात कधी आला नव्हता. आणि खरवडायच्या आधी मला कुणी तोललंच नव्हतं. बारीक शिशाचे छर्रे घट्ट गोंदात कालवून त्यांनी माझ्या मुठीच्या पोकळीत भरले. जेवढं ॲल्युमिनियम काढलं, त्याच्या दुप्पट शिसं आत गेलं. काट्यावर नऊशे तेहतीस आलं तेव्हा दोघांनी समाधानाने एकमेकांकडे पाहिलं.

आता माझ्या लाजेची गोष्ट. बूच परत लागल्यावर पार्किंगमध्ये पहिला चेंडू माझ्यावर आदळला, तेव्हा तो कुंपणापलीकडे गेला. माझ्यातून असा टणत्कार निघाला की रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. मला ते आवडलं. मला कुणी विचारलं नव्हतं, मी तर वस्तू, असं म्हणून मला सुटता येईल. पण ते आवडलं होतं, हे कसं नाकारू?

२७ फेब्रुवारीला साडेतीन वाजता पंच याकूब सर बॅटी तोलायला बसले. दुसऱ्या एका शाळेचे ते खेळाचे शिक्षक. समोर तक्ता, त्यात तीन रकाने: छापील वजन, काट्यावरचं वजन, शेरा. त्यांनी मला काट्यावर ठेवलं.

"ये क्या? लिखा है तीस, और आ रहा है तेहतीस?"

दर्शन पुढे सरकला. "सर, वो... सर्व्हिसिंग किया है."

याकूब सरांनी मान वर केली. क्षणभर मला वाटलं, आता विचारतील. बॅटीची सर्व्हिसिंग कसली असते, एवढं एक वाक्य पुरे होतं. बूच काढायला पाच मिनिटं लागली असती.

"भारी है ना? हल्का नहीं होना, बस. यल्ला, नेक्स्ट!"

त्यांनी पहिल्या रकान्यात तीस लिहिलं, दुसऱ्यात तेहतीस, तिसऱ्यात 'योग्य'. खाली सही केली.

चौथ्या डावात दर्शनने डेरिकचा पहिला चेंडू सीमेबाहेर पाठवला. डेरिक हसत ओरडला, "व्हॉट अ साउंड, मॅन! न्यू बॅट?"

डेरिकने दिलेला लाल वेढा दर्शनच्या मुठीखालीच होता.

"सेम ओल्ड," दर्शन म्हणाला.

सहाव्या डावात ते पुन्हा समोरासमोर आले. पुढचं मी सुरुवातीला सांगितलं आहे. डेरिकचा हात वर यायला निघाला होता. चेंडू आधी पोहोचला.

दोन ऑपरेशनं झाली. डाव्या डोळ्याला उजेड आहे की अंधार, एवढं कळतं. बाकी काही नाही.

रणजितनी दुसऱ्याच दिवशी मला वर्कशॉपमध्ये आणून टाकलं. "कापून भंगारात दे," जगन्नाथला सांगितलं. जगन्नाथ हो म्हणाला आणि त्याने मला चिंध्यांच्या कपाटात मागे सारलं. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

एकदा दर्शन आला. मालक बाहेर गेले होते.

"काका, काल डेरिक लिफ्टमध्ये भेटला. ही सेड सॉरी. ही, टू मी! म्हणाला, माझा हात लेट झाला, आय शुड हॅव बीन फास्टर. रोज खाली भिंतीवर बॉल मारतो, हात फास्ट करायला. एका डोळ्याने." तो रडत होता. "मी सांगू का सिरिल अंकलना?"

रणजित दारात येऊन उभे होते, ते दोघांनाही कळलं नव्हतं. "सांग ना. मग माझं लायसन्स खलास, जगन्नाथचा व्हिसा खलास, तुझं अमेरिकेतलं कॉलेज खलास. डोळा येणार आहे का परत?"

दर्शनने सांगितलं नाही.

एप्रिलमध्ये सिरिल स्वतः वर्कशॉपमध्ये आले. हातात एक कागद होता. आयुष्यभर कागद तपासणारा माणूस. त्याने स्पर्धा समितीकडून तो तक्ता मागवून घेतला होता.

"रणजित, भांडायला नाही आलो. फक्त हे समजावून सांग. छापलेले तीस, भरलेले तेहतीस. असं कसं?"

"अरे, शाळेचा काटा तो. बिघडला असेल."

"बाकीच्या एकवीस बॅटी बरोबर भरल्यात. बॅट बघू?"

"ती... टाकून दिली कधीच."

तेव्हा जगन्नाथ लेथ बंद करून कपाटाकडे गेला. कुणी सांगितलं नव्हतं. त्याने चिंध्या बाजूला केल्या आणि मला आणून सिरिलच्या हातात दिलं. रणजितचा चेहरा मला अजून दिसतो.

सिरिलनी मला उलटसुलट केलं. लाल वेढ्यावर बोट फिरवलं. "ही टेप डेरिकची." मग मला कानाजवळ धरून हलवलं. त्या दिवशीच्या तडाख्याने मुठीतला एक छर्रा गोंदातून सुटला होता. तो वाजला. खुळ्ळ. आयुष्यात मी तेवढा एकच शब्द मोठ्याने बोलले आहे.

"आत काय आहे?" सिरिलनी जगन्नाथला विचारलं. "तुम्ही काही केलंत का हिला?"

जगन्नाथने मालकाकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे.

"म्हाईत न्हाई, साहेब."

सिरिलनी मला दोन्ही हातांनी लेथच्या कडेला ठेवलं. कागदाची घडी केली आणि गेले. समितीला त्यांनी दोन पत्रं लिहिली. दोन्हींना एकच उत्तर आलं: बॅट सामन्यापूर्वी तपासून योग्य ठरवण्यात आली होती, सोबत तक्त्याची प्रत.

आता २००५ चालू आहे. दर्शन अमेरिकेत आहे. जगन्नाथ गावी गेला. जाताना त्याने मला पितळेची ती पट्टी गुंडाळली आणि मालकाच्या नकळत वर्कशॉपच्या माळ्यावर, पंपांच्या जुन्या झाकणांमागे ठेवलं. याकूब सर अजून सामन्यांत बॅटी तोलतात, असं खाली बोलताना ऐकलं. डेरिक रोज संध्याकाळी भिंतीवर चेंडू मारतो का, ते इथून कळत नाही.

माझी एकच मागणी आहे. मला मधोमध कापा. पण सिरिलसमोर कापा, डेरिकसमोर कापा. पातळ झालेली कड त्याच्या बोटाला लागू द्या, मुठीतलं शिसं त्याच्या तळहातावर सांडू द्या. त्याचा हात लेट झाला नव्हता. हे त्याला कुणीतरी सांगा, कारण तो अजून स्वतःलाच दोष देत असेल.

तो तक्ता समितीच्या फायलीत आहे. सातवी ओळ. छापील वजन: तीस. काट्यावरचं वजन: तेहतीस. शेरा: योग्य. खाली सही. वरचे तीन औंस कुठून आले, हे त्या सहीला अजून कुणी विचारलेलं नाही.