दोन खुणांच्या मधलं तेल

मित्रांनो, मी एक जुनी पट्टी आहे. तुमच्या दप्तरातली नव्हे; मोटारीच्या इंजिनात बुडवून ठेवलेली, तेल मोजायची, हातभर लांबीची लवचीक पोलादी पट्टी. वर बोट अडकवायला पिवळी कडी आणि खाली टोकाशी दोन खुणा. तेल त्या दोन खुणांच्या मध्ये आहे की नाही, एवढंच सांगायचं माझं काम. इतक्याशा आयुष्याची कहाणी सांगायला बसावं की नाही, याबद्दल मी बरेच दिवस घुटमळत होते. पण एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे, म्हणून सांगते.

कारखान्यात मला कापलं, घासलं, खुणा उठवल्या आणि एका पांढऱ्या मोटारीत बसवलं. तिथलं पहिलं तेल मला अजून आठवतं. मधासारखं पिवळं आणि इतकं नितळ, की माझ्या खुणा त्यातूनही वाचता येत. ते इंजिनाच्या कानाकोपऱ्यात फिरायचं, लोखंडावर लोखंड घासू द्यायचं नाही. मोटार चढावर गाणं म्हटल्यासारखी जायची.

आमचे मालक छापखान्यात मुद्रितं तपासत. एक काना चुकला तरी त्यांच्या नजरेतून सुटत नसे. दर रविवारी सकाळी ते झाकण उघडत, मला बाहेर काढत, काळ्या फडक्यानं पुसत, पुन्हा बुडवत आणि चष्मा कपाळावर सरकवून खुणा बघत. "दोन खुणांच्या मध्ये आहे, म्हणजे गाडी सुखी," असं त्यांचे वडील सांगायचे. ते वाक्य मालकांनी शिरोधार्य मानलं होतं. तेल कमी दिसलं, की ते डब्यातून वाटीभर ओतत. शेजारी म्हणत, "गाडी जपावी ती यांनी!" खरं सांगते, तेव्हा मलाही अभिमान वाटायचा.

पुढे मालक निवृत्त झाले आणि त्यांच्या पत्नीची मूत्रपिंडं थकली. आठवड्यातून तीन दिवस तिला डोंगरापलीकडच्या मोठ्या इस्पितळात डायलिसिसला न्यावं लागे. तिचा भाऊ इस्पितळाजवळच राहायचा. "ताई, इकडेच ये राहायला," असा त्याचा आग्रह. पण तिला आपलं घर सोडायचं नव्हतं. "माझी उशी, माझी खिडकी, आणि यांची कटकट. हे तिथं कुठून आणू?" असं ती म्हणायची. तिचं घरी राहणं आता आमच्या मोटारीवर अवलंबून होतं.

या सगळ्या धावपळीत तेल बदलायचं राहून गेलं. एक वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं. मालक वरून भर घालत राहिले. खालचं तेल काळं झालं, मग घट्ट, मग चिकट. नवं तेल त्यात पडलं, की घटकाभरात तेही काळं व्हायचं. मोटार पेट्रोल जास्त पिऊ लागली. चढावर धापा टाकू लागली. मालक मला काढून बघत. मी दोन खुणांच्या मध्येच भिजलेली असे. मी खोटं बोलले नाही, मित्रांनो. किती आहे, एवढंच मला विचारलं जात होतं आणि तेवढंच मी सांगत होते. तेल कसं आहे, हेही माझ्या अंगावर लिहिलेलं होतं. पण काळ्या फडक्यावर ते कोणाला दिसणार?

एके दिवशी मोटारीत समोरचा तांबडा दिवा लुकलुकायला लागला. तेलाचा दिवा. मालकांनी गाडी थांबवून मला काढलं.

"तेल तर बरोबर आहे. दिवाच बिघडलाय."

"अहो, उगाच कशाला पेटेल तो?" पत्नी म्हणाली.

"तू नको त्याच्याकडे बघू. जिवाला घोर लागतो." असं म्हणून त्यांनी खिशातला कागदाचा तुकडा त्या दिव्यावर चिकटवला. आयुष्यभर लोकांच्या चुका शोधणाऱ्या माणसानं स्वतःची चूक कागदाखाली झाकली.

पुढच्याच बुधवारी अर्ध्या चढावर इंजिनातून खडखड आवाज आला. मालकांनी घाबरून गाडी बंद केली, म्हणून इंजिन वाचलं. पण मदत मिळेपर्यंत दुपार टळली. डायलिसिसची पाळी हुकली. पत्नीचे पाय सुजले, श्वास लागला. त्या रात्री तिला इस्पितळातच ठेवावं लागलं.

दोन दिवसांनी गॅरेजमध्ये मोटारीभोवती सगळे उभे होते. भाऊ म्हणाला, "दाजी, आता गाडी विका. ताई माझ्याकडे राहील." मालक खाली बघत राहिले. पत्नी स्टुलावर बसली होती.

गॅरेजवाल्या ताईंनी मला बाहेर काढलं. खुणांकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या टोकाचं तेल दोन बोटांत चोळलं, वास घेतला. "काका, हे तेल आहे की काजळ? डोळ्यांत घालायचं होतं का?"

"मी दर रविवारी बघतो हो," मालक पुटपुटले.

"किती ते बघता. कसं ते कोण बघणार?"

तेव्हा पत्नी हळूच म्हणाली, "अहो, माझं रक्त आठवड्यातून तीनदा धुतात. आणि हिचं तुम्ही तीन वर्षं तसंच ठेवलंत?"

मालकांनी चष्मा काढून उगाच पुसला.

गॅरेजवाल्या ताईंनी खालचं बूच काढलं, काळं तेल ओतून टाकलं, आतली चिकट घाण साफ केली, गाळणी बदलली आणि नवं तेल भरलं. मालक म्हणाले, "अजून थोडं घाला की. चढावर ताकद येईल."

"जास्त घातलं तर त्याचा फेस होतो, मग पुन्हा तेच रडगाणं. आणि काका, नवं तेल म्हणजे औषध नव्हे, पथ्य आहे. जी झीज झाली ती झाली. पेट्रोल थोडं कमी लागेल, गाडी हलकी चालेल. पण तरणी नाही व्हायची."

"चढ चढेल ना?" पत्नीनं विचारलं.

"चढेल. सावकाश."

"मग आम्ही अर्धा तास आधी निघू," ती म्हणाली. भावानं आणखी आग्रह केला नाही.

मित्रांनो, इंजिनाची झीज काही भरून आली नाही. खडखड थोडी उरलीच. पण आता रविवारी मालक मला पांढऱ्या कागदावर पुसतात आणि तो डाग पत्नी खिडकीतल्या उजेडात धरून पाहते. तुमच्याही घरात रोज तुमचा भार वाहणारं कोणीतरी असेल, यंत्र किंवा माणूस. त्याला नुसतं "पुरतंय ना?" असं विचारून पुढे जाऊ नका. "कसं चाललंय?" हेही विचारा, आणि उत्तराची वाट पाहा. आम्ही न विचारता बोलत नाही.