खुशालभाऊंच्या दुकानातली नदी

मित्रांनो, मी एक जुना व्हिडिओ गेम आहे. आज माझ्या डोक्यावर धानाचं पोतं ठेवलेलं असतं आणि माझ्या बटणांत धूळ साचली आहे.

नागपूरच्या एका सुताराने माझी प्लायवूडची पेटी बनवली. आत जुन्या टीव्हीची नळी आणि खेळ भरलेलं सर्किटचं किट बसवलं. १९८७ साली मी राजुऱ्याला, खुशालभाऊंच्या दुकानात आलो. माझ्यात एकच खेळ होता. निळी नदी, तिच्यात एक नाव आणि दोन्ही काठांना झाडं. खडक चुकवत नाव पुढे न्यायची.

जवळच्या खाणीतल्या कामावरून सुटलेली पोरं नाव भरधाव पळवायची. उमाजी मात्र कधी घाई करत नसे. तो मासे धरणाऱ्या घरातला म्हातारा. त्याचं गाव, गावचा तलाव, सारं कोळशाच्या खाणीत गेलं होतं. आता तो एका गोदामावर चौकीदार होता. नाव वळवायचा माझ्या पेटीवरचा दांडा हलकेच धरून तो काठाकाठाने जाई. एका वळणावर वाकलेलं झाड होतं. तिथे नाव थांबवून तो म्हणे, "इथी जाळं टाकलं का मोठी मरळ लागते."

माझ्यात जाळं नव्हतं, मासेही नव्हते. पण तो असा रमून जाई की मलाही वाटे, असतील बुवा आपल्यात मासे.

पुढे पोरं कंटाळली. "काय भाऊ, तेच ते!" म्हणू लागली. खुशालभाऊंनी मेकॅनिक बोलावून किट बदललं. नदी काळी झाली, काठावर तोफा आल्या, नावेला बंदूक लागली. दुकानात उभं राहायला जागा उरेना. सगळे माझी वाहवा करत होते आणि मी फुगून गेलो होतो.

त्या गर्दीत उमाजी आला. त्याने सवयीने नाव काठाला नेली. स्फोट झाला. पुन्हा नेली, पुन्हा स्फोट. पोरं हसली.

"खुशालभाऊ, काठ कुठी गेला?"

"आता काठाले जायचंच नाई, उमाजीभाऊ. गोळ्या मारत राह्यचं."

उमाजी खाली मान घालून निघून गेला.

खुशालभाऊंची बायको धुरपताबाई दारातून हे बघत होती. ती म्हणाली, "त्याचं गाव एकदा खाणीनं नेलं. आता तुमी नेलं."

"मले का माहीत? खेळच तर आहे!"

"मंग इचारलं काऊन नाई त्याले?"

त्यानंतर खुशालभाऊ माझ्याकडे बघायचं टाळू लागले. मलाही ती वाहवा खुपू लागली. दोष माझा नाही म्हणावं, तर स्फोट माझ्याच पोटात झाले होते.

शेवटी खुशालभाऊ नागपूरला गेले. जुनं किट शोधून आणलं, बसवलं आणि उमाजीला घरून घेऊन आले. निळी नदी लागली. तीच वळणं, तेच झाड. उमाजीने नाव झाडाखाली नेली.

"लागते का मरळ?" खुशालभाऊंनी हळूच विचारलं.

उमाजीने पडद्यावरच्या झाडाला बोट लावून पाहिलं. मग त्याने दांडा सोडला.

"नदी तीच आहे, भाऊ. पण आता मले काच दिसते."

त्याच्या आवाजात राग नव्हता. खुशालभाऊंच्या खांद्यावर हात ठेवून तो निघाला. परत कधी आला नाही. जुन्या नदीकडे पोरंही फिरकेनाशी झाली.

मित्रांनो, मी बंद पडलो याचं मला फारसं दुःख नाही. एवढंच सांगतो, कुणी कशात रमलेलं दिसलं, तर त्यात बदल करण्याआधी त्याला विचारा. खुशालभाऊंनी विचारलं नाही. मला तर तोंडच नव्हतं. पण खरं सांगू? त्या वाहवेत मला उमाजीची आठवणसुद्धा झाली नव्हती.