चिंचेखालची हिरवळ

मुरुमच्या सरकारी दवाखान्यात हे डॉक्टर. दवाखान्यामागं आम्हाला बंगला मिळाला, त्याच्या अंगणात एक भलीमोठी चिंच होती आणि चिंचेखाली टक्कल पडलेली हिरवळ. उन्हाच्या बाजूला हरळी माजलेली. सावलीत मात्र उघड्या मातीची ठिगळं. दोनदा हरळी आणून लावली, दोन्हीदा पिवळी पडून गेली.

शेराच्या कुंपणापलीकडं अण्णाराव आडत्यांचं घर. त्यांच्याही परसात चिंचच, पण तिच्याखाली गवत कसं, तर गादीसारखं. माझी मालन कुंपणातल्या भगदाडातून रांगत तिकडं जायची. अण्णारावांची बायको शरणम्मा कानडीत "बा पुट्टी, बा", ये बाळे, ये, करत तिला उचलून घ्यायची. चार लेकरं वाढवलेली बाई, तिच्या काखेत मूल कसं चपखल बसायचं. मी हाक मारली की मालन तिच्या पदरात तोंड लपवायची.

मालन आता धरून उभी राहू लागली होती. तिचं पहिलं पाऊल माझ्या दारात पडावं, एवढंच मला हवं होतं. पण माझ्या दारात होतं काय? खडे, चिंचोके, मुंग्या. तिथं तिला सोडायलाही मी भ्यायचे.

"नागपंचमी हू द्या," शरणम्मा म्हणाली, "माझं गवत मातीसकट काढून दिते. सावलीतलंच हाय, म्हायेरच्या वड्याकाठचं."

"नको. बघते मी माझं."

बघून ठेवलंच होतं. न्हाणीच्या पाटाकडेला, भिंतीच्या सावलीत, रुंद पानांचं गवत आपोआप वाढलं होतं. नागपंचमीच्या सकाळी मालन चिंचेचा बुंधा धरून उभी राहिली, एक हात सोडला आणि कुंपणाकडं बघून हसली. मला राहवेना. खुरपं घेतलं, पाटाकडेचं गवत मातीसकट उचललं, ठिगळांतली घट्ट माती उकरली आणि एकेक गड्डा बसवून हातानं दाबत गेले.

"अगं बया! डाक्टरीणबाई!" नव्या इरकलीत, दुधाची वाटी नि लाह्या घेऊन शरणम्मा वारुळाला निघाली होती. "आज माती उकरतं व्हय कुणी? आमच्यात आज चिरायला इळीसुद्धा धरत न्हाईत!"

"कॉलेजात शिकलेय मी, शरणम्मा. माझा नाही विश्वास."

"नसू दे. नागोबाला तुमचं कालेज ठावं न्हाय. तुमी उकरा, पण लेकराला हितं ठिवू नका."

मालनला काखेत मारून ती चालती झाली. मी अडवलं नाही. विश्वास नाही म्हणाले खरी, पण खुरप्याच्या टोकाशी गांडूळ वळवळलं तरी मी हात मागं ओढत होते. लेकरू तिकडंच बरं, असं मीच मला समजावलं.

शेवटचा गड्डा दाबत होते, तोच पलीकडून टाळ्या आल्या; शरणम्मा वारुळावरून परतली होती. भगदाडातून बघितलं. त्या गादीसारख्या गवतावर मालन, कशालाही न धरता, हात पसरून, डुलत डुलत शरणम्माकडं निघाली होती. पोचली आणि थेट तिच्या मिठीत.

"चालली बगा, चालली! या की, डाक्टरीणबाई!"

माझे हात कोपरापर्यंत चिखलाचे. मी गेले नाही. झारी भरली आणि गवतावर ओतत राहिले.

दुपारी हे दवाखान्यातून आले, तेव्हा शरणम्मा मालनला पोचवायला दारात उभी होती, "चालली, साहेब, चालली!" करत. मालनच्या कपाळाला वारुळाची माती. म्हणजे माझ्यासाठी नागोबाची माफीसुद्धा हिनंच मागून घेतली होती.

"चालली म्हणे आमची बाई? कुठं?" यांनी विचारलं.

शरणम्मानं तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "इथंच. नव्या गवतावर."

शरणम्मानं माझ्याकडं बघितलं, मग गवताकडं. ओले गड्डे जसेच्या तसे; एक पान वाकलेलं नव्हतं.

"व्हय साहेब," ती म्हणाली. "हितंच. म्या कुंपणावरनं बगितली."

हे खूश झाले, मालनला खांद्यावर घेऊन आत निघाले. खांद्यावरून ती हात पसरून शरणम्मालाच बोलावत होती.

"पानी बेतानं घाला," शरणम्मा हळूच म्हणाली. "सावलीतलं गवत कुजतंय लवकर."

तिचे आभार मानायला हवे होते. तोंडातून निघालं, "माहीत आहे मला."