रतनबाईची कबुली

पहिल्या महायुद्धात सरकारनं जर्मन पाद्र्यांना पकडून नेलं, त्यात लोणावळ्याजवळच्या वाडीतले फादरही गेले. जाताना त्यांनी देवळाची किल्ली धर्मशिक्षक याकोबमास्तरांच्या हाती दिली. मास्तर रविवारी प्रार्थना म्हणवून घेत, मेलेल्याला माती देत. पण पापांची क्षमा देणं हे फक्त फादरांचं काम होतं.

श्रावणात आंधळ्या रतनबाईनं अंथरूण धरलं. तिनं मास्तरांना बोलावून घेतलं. "मास्तर, फादरास्नी आना. लय जुनं पाप हाय. सांगितल्याबिगर जीव जायाचा न्हाई."

मास्तरांनी पुण्याला माणूस धाडला. तो एकटाच परत आला. पाठवायला तिथंही कुणी फादर उरले नव्हते.

दुपारी मास्तर तिच्याकडे गेले. पावलं वाजताच म्हातारीनं मान उचलली. "फादर आलं?"

मास्तरांच्या ओठांवर 'व्हय' आलं. तेवढ्या एका शब्दानं म्हातारी सुटली असती. पण देवाच्या नावानं खोटं बोलायला त्यांची जीभ रेटेना.

"मी याकोब, मावशी. मला सांगा, मी ऐकतो."

"तुमी ऐकशाल वो. पर माफी कोन देनार?"

तिचा हात धरून मास्तर प्रार्थना म्हणू लागले. एरवी मोठ्यानं साथ देणारी रतनबाई ओठ घट्ट मिटून पडून राहिली. दिवस मावळायच्या आत ती गेली.

माती देताना सुनेनं विचारलं, "मास्तर, आत्याबाईला देव पदरात घेईल न्हवं?"

मास्तर खाली मान घालून फावड्यानं माती ओढत राहिले.