शेळीने खाल्लेला शेवट

मित्रांनो, मी एक जुने गोष्टीचे पुस्तक आहे आणि माझे शेवटचे पान एका शेळीच्या पोटात आहे.

जाफराबाद तालुक्यातल्या एका शाळेच्या कपाटात मी राहतो. माझ्यातल्या गोष्टीत एका दुकानदारावर खटला चालतो. त्याने विकलेले अंडे राजवाड्यातल्या पातेल्यात तरंगते. ताजे अंडे बुडते, शिळे तरंगते, म्हणून राजा त्याला हद्दपार करायला निघतो. “महाराज, अंडे ताजेच आहे,” दुकानदार रडून सांगतो. पुढे पान उलटायचे. नेमके तेच पान शाळेशेजारच्या रायभानमामांच्या शेळीने खाल्ले. विज्ञान खाऊन ती शहाणी झाली म्हणावे, तर दुसऱ्या दिवशी ती भारताचा नकाशा चघळताना सापडली.

यंदा दैवशाला मॅडमनी कपाट आवरायला काढले. “शेवटच न्हाई, मंग काय कामाचं? रद्दीत टाका,” त्या म्हणाल्या. रद्दीत गेलो की माझ्यात भजी बांधणार, हे मला पक्के ठाऊक होते.

रद्दीचा गठ्ठा बांधायला सहावीतली तृप्ती बसली होती. गठ्ठा राहिला बाजूला, ती मलाच वाचू लागली आणि शेवटी येऊन अडकली.

“मॅडम, दुकानदाराचं काय झालं?”

“शेळीला विचार.”

“खोटं बोलून राह्यला तो,” शेजारचा अंगद म्हणाला.

“अंड्यालाच काहून धरायचं? पाण्यात काही असंल तर?” म्हणत तृप्ती मला बगलेत मारून शाळेच्या स्वयंपाकघरात गेली. तिथे कडूबाई खिचडीची तयारी करत होत्या.

तृप्तीने पातेल्यात पाणी घेतले, अंडे सोडले. बुडाले. हळद टाकली. अंडे पिवळे झाले, पण वर येईना. मग तिने मिठाचा डबा ओढला.

“पोरी, खिचडीचं मीठ हाये ते,” कडूबाई ओरडेपर्यंत डबा रिकामा झाला होता. तृप्तीने ढवळले आणि अंडे हळूहळू वर आले.

कडूबाईंनी ते फोडून पाहिले. “बिलकुल ताजं हाये.”

“मंग मिठानं पाणी जड झालं आणि त्यानं अंडं उचललं,” तृप्ती म्हणाली. “सुटला दुकानदार.”

मी सुटलो, हे तिच्या लक्षातही आले नाही. त्या दिवशी साऱ्या शाळेने अळणी खिचडी खाल्ली आणि ती अळणी का, हे साऱ्या शाळेला कळले.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी दुसऱ्या शाळेतून माझ्या शेवटच्या पानाची झेरॉक्स आणली.

“नका चिकटवू, मॅडम,” तृप्ती म्हणाली. “पाचवीच्या पोरांनी मंग काय करायचं?”

मित्रांनो, पुस्तके जपा, पाने फाडू नका. पण माझे पान मला परत नको. ते होते तेव्हा मुले मला वाचून कपाटात ठेवत. आता मला मिटतात आणि स्वयंपाकघराकडे पळतात.